आत्याला का मारलंस?

वसतिगृह, खिडकीजवळचा पलंग
ता. ३ मार्च

ती. आत्यास,
खारूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मी आजारी नाही आणि नापासही झालेली नाही. आमच्या लेखनाच्या सरांनी फर्मान काढलंय की प्रत्येकानं घरातल्या एका माणसाला हातानं पत्रं लिहायची. फोनवर माणूस नुसती उत्तरं देतो, लिहायला बसला की विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. मी तुलाच धरलं, कारण तू दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसलेली असतेस आणि फोन काही उचलत नाहीस. बाबांना लिहिलं असतं तर चष्म्याच्या दुकानातल्या पावतीमागे दीड ओळ आली असती.

आता बातमी. वर्गासाठी मी एक गोष्ट लिहिली, ती तुझ्यावरच आहे. मी तुझ्याकडे गाडी शिकले तेव्हाची. तुझ्या पायाखालचा तो जादा ब्रेक, तुझं ओरडणं, सगळं घेतलंय. खोलीत आवाज घुमतो म्हणून कपाटात शिरून, डोक्यावर दोन स्वेटर घेऊन मी ती माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली. रविवारी कॉलेजच्या रेडिओवर लागली, आता इंटरनेटवरही आहे. आणि आत्या, मोठ्या रेडिओच्या निर्मात्या बाईंनी ती ऐकली! त्यांना ती त्यांच्या कार्यक्रमात हवी आहे. ज्याची गोष्ट घेतील त्याला तिथे सहा महिने शिकायला मिळणार, आणि जागा एकच आहे. मला ती हवीच आहे गं. गोष्ट खऱ्या माणसावर असल्यामुळे तुझी सही असलेली संमती लागेल, तेवढी पाठव.

हो, एक बारीकशी गोष्ट राहिली. शेवटी तू मरतेस. रागावू नकोस, कथेची गरज होती.

सही येईपर्यंत तरी लोभ असू दे.
तुझी,
खारू


ड्रायव्हिंग स्कूल
ता. ८ मार्च

चि. खारूस,
तुझ्या कैलासवासी आत्याचे अनेक आशीर्वाद.

बारीकशी गोष्ट म्हणे! अगं, तुझं पत्र माझ्या हातात पडायच्या आधी माझ्या मरणाची बातमी गावभर झाली होती. काल सकाळी माझी एक विद्यार्थिनी डोळे पुसत, हातात फुलं घेऊन ऑफिसात आली, आणि मी समोर बिस्किट खात बसलेली. ती बिचारी अशी किंचाळली की चहा माझ्या अंगावर सांडला. फुलं आता बादलीत ठेवली आहेत, फेकवत नाहीत. दोघांनी तर दुसऱ्या क्लासात नावंही घातली. मेलेल्या बाईकडे गाडी कोण शिकणार?

मग मीही ऐकली तुझी गोष्ट. चांगली बोलतेस, उगाच खोटं कशाला सांगू. पण मेले कशानं, तर तापानं! जी बाई आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून मेली नाही, जिच्या अंगावर लोकांनी भिंती आणल्या, ती साध्या तापानं जाते, हे कुणाला तरी पटेल का? मारायचं तर जरा दणक्यात मारायचं होतंस.

चेष्टा राहू दे. मला खरंखरं सांग, मला मारल्याशिवाय गोष्ट संपत नव्हती का? हे कळल्याशिवाय सही करणार नाही.

आणि तुझ्या बाबाच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस. मी त्याला मैदानावर चारचौघांत गाडीतून खाली उतरवला, तेव्हापासून, दोन वर्षं, तो माझ्याशी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. मीही बोलत नाही. मी मोठी, मी का नमू? तो तर जन्माचा हट्टी. पण हळवा आहे मेला.

जेवण वेळेवर करत जा. जिवंत आहे तोवर लोभ आहेच.
तुझी,
आत्या


वसतिगृह
ता. १२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फुलांचं वाचून मी हसले आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली. दोन विद्यार्थी गेले त्याबद्दल माफ कर.

तू खरंखरं विचारलंस म्हणून सांगते. मला शेवट सुचत नव्हता. आधी लिहिलं की मी परीक्षा पास होते आणि तू पेढ्यासारखं गोड हसतेस. तू तशी कधी हसलीच नाहीस, त्यामुळे ते मलाच खोटं वाटलं. मग लिहिलं की आपण दोघी लांब फिरायला जातो. त्यात काही घडेचना. सकाळ उजाडली की गोष्ट द्यायची होती. मी लिहिलं, त्या पावसाळ्यात आत्याला ताप आला. बस्स, पुढची ओळ आपोआप आली. इतकं सोपं गेलं की मला वाटलं, यालाच प्रतिभा म्हणत असतील! खोलीतली मैत्रीण ऐकताना रडली. तिला रडताना बघून मला किती छान वाटलं ते तुला सांगवत नाही. सरांनी शेरा दिला की शेवट हुकमी आहे. मला ते कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, तो टोमणा असावा.

पण आत्या, निर्मात्या बाईंना शेवट तोच हवाय. तिथे पुन्हा रेकॉर्ड करायचंय आणि त्यांनी बजावलंय की शेवटाला हात लावू नकोस. ही जागा गेली तर पुन्हा कधी मिळेल कोण जाणे. कागदावरच तर आहे सगळं. कर ना सही.

बाबा रेडिओ ऐकत नाहीत, त्यांची काळजी नको.

तुझी लाडकी असेन अशी आशा धरून,
खारू


ड्रायव्हिंग स्कूल
ता. १६ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

बाबा रेडिओ ऐकत नाही, पण त्याची गिऱ्हाइकं ऐकतात.

गुरुवारी दुपारी एक बाई त्याच्या दुकानात डोळे तपासायला आल्या. तुमच्या लेकीचा आवाज किती गोड, असं म्हणून त्यांनी फोनवर तुझी गोष्ट लावली. तुझा आवाज, माझं नाव, माझी गाडी, आणि शेवटी मी गेले. तुझ्या बाबाला वाटलं की हे खरंच झालं, आणि आपण बोलत नाही म्हणून कुणी आपल्याला कळवलंही नाही. तो तसाच उठला. त्या बाई नाकावर तपासणीची चौकट घेऊन बसून राहिल्या आणि हा एसटीत जाऊन बसला. फोन दुकानातच. तुझी आई म्हणते, मला एका शब्दानं विचारलं असतं तर!

मी मैदानावर एका आजोबांना वळण शिकवत होते. एक माणूस खांबांच्या मधून सरळ गाडीसमोर आला. आजोबा घाबरले, मी माझा ब्रेक दाबला, आणि काच खाली करून डोळे फुटलेत का म्हणून ओरडले. मग बघते तर तुझा बाबा. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली. नुसता उभा राहून बघत होता. मग म्हणाला की ताई, तू ओरडतेयस. मी म्हटलं, मग काय गाऊ? तर तो तिथेच मातीत खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मग मीही रडले. आजोबांनी गाडी बंद केली आणि आम्हा दोघांना त्यांच्याजवळचं पाणी दिलं.

आता तो आतल्या खोलीत झोपलाय. घोरतोय. मला फार बरं वाटतंय, खारू.

सही केलेला कागद सोबत आहे. कुरकुर न करता केली आहे. तुला जागा हवी आहे, तर मला खुशाल मार, मी काही झिजत नाही. फक्त तो समोर उभा होता तेव्हाचं त्याचं तोंड मी पाहिलं, ते तुला सांगावंसं वाटलं. पुढचं तू ठरव, तू आता मोठी झालीस.

तुझ्यावर लोभ आहे, राग होता तो उतरला.
आत्या


वसतिगृह
ता. २२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जागा गेली. आधी ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तुझं पत्र वाचलं आणि मी खूप रडले. आणि अगं, रडता रडताच माझ्या डोक्यात आलं की शेवट मिळाला! भाऊ धावत येतो आणि बहीण गाडीतून ओरडते. कुणी मरत नाही आणि सगळे रडतात. अशी कशी गं मी? डोळे अजून ओले आणि हात पेनाकडे. एका बैठकीत लिहून काढलं. आजवर लिहिलेल्यात तेच सगळ्यात चांगलं आहे, हे मला ठाऊक आहे.

दोन्ही शेवट पिशवीत घालून मी रेडिओवर गेले. तिथली खोली केवढी शांत, भिंतींना जाड कापड, आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. वाचायला बसले आणि बाबा डोळ्यांसमोर आले. उद्या प्रत्येक गिऱ्हाईक नाकावर चौकट घालून त्यांना विचारणार, की तुम्ही मातीत बसून रडलात ते खरं का? मला ते वाचवेना. तुला मारणंही जमेना, जीभच वळेना. मग तिथेच बसून तिसरा शेवट लिहिला. त्यात तू डावीकडे म्हटल्यावर मी उजवीकडे वळते, तू कपाळावर हात मारतेस आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणतेस. एवढंच.

निर्मात्या बाई दोनदा हसल्या. म्हणाल्या की छान आहे, पण यानं कुणी रडणार नाही. मी म्हटलं, नाही रडणार. जागा माझ्या वर्गातल्या मुलाला मिळाली. त्याच्या गोष्टीत कुत्रा मरतो.

जिन्यात बसून पोटभर रडले, मग भूक लागली म्हणून जेवायला गेले. वाईट वाटतंय, नाही असं नाही. पण तिसऱ्या शेवटाची ती गोष्ट मी पुन्हा ऐकली, आणि तू त्यात अगदी तुझ्यासारखी ओरडतेस.

बाबांना हे सांगू नकोस. तुम्हा दोघांचा लोभ मला एकाच पाकिटात मिळू दे.
तुझी,
खारू


ड्रायव्हिंग स्कूल
ता. २७ मार्च

चि. खारूस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस म्हणून लिहिलेलं पत्र तुझ्या आत्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

मला लिहायची सवय नाही, तरी लिहितो. तू जे वाचलं नाहीस ते मला पाठव. मला वाचायचंय. पुढे कधी कुणाला ऐकवावंसं वाटलं तर खुशाल ऐकव, माझी ना नाही. फक्त त्यात मी टॅक्सीनं आलो असं लिही. एसटीत मला उभ्यानं यावं लागलं, ते शोभत नाही. जागेचं मला फार वाईट वाटलं. तुझ्यापेक्षा जास्तच वाटलं असेल. पण तू माझी आब राखलीस, पोरी, हे मी विसरणार नाही.

दुकान जवळजवळ दोन आठवडे तुझी आई सांभाळते आहे. त्या बाईंचा चष्मा तिनंच केला आणि गेल्या दोन वर्षांत कुणी इतका बरोबर नंबर काढला नव्हता असं त्या म्हणाल्या. मी इथे पुन्हा गाडी शिकतोय. ताई पूर्वीइतकीच ओरडते. मी खाली उतरत नाही.

काल मैदानावर चक्कर मारताना मी तिला विचारलं, की खारूनं तुझ्याऐवजी मला मारलं असतं, तर तू आली असतीस का? तिनं अभद्र बोलू नकोस, आरशात बघ म्हणून दटावलं. मग दोन वळणं मला नीट घ्यायला लावली. तिसऱ्या वळणावर म्हणाली की माझ्याकडे गाडी आहे, मी तुझ्याआधी पोचले असते.

तुझा लोभी,
बाबा