तिसऱ्या मजल्यावरून कोणी जाऊ नये

कुओपिओ, २२ एप्रिल

प्रिय हिल्का मावशी,

तुला प्रेमाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस की मांजराकडून करून घेतेस? मी खुशाल आहे. तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागलाय आणि त्यावर मासे धरायला आता आमच्या सोसायटीतला एइनो कोक्को एकटाच जातो. पत्राला उशीर झाला त्याचं कारण सांगतो, पण हसायचं नाही. हसलीस तरी मला कळवू नकोस.

एकतीस वर्षं मी शाळेत व्याकरण शिकवलं आणि त्यात माझा लाडका धडा अकर्तृक प्रयोगाचा, हे तुला ठाऊक आहेच. काम होतं, करणारा दिसत नाही. 'दार उघडलं जातं', 'कॉफी घेतली जाते'. मुलांना मी सांगायचो, बाळांनो, आपल्या लोकांना देवाने दिलेली ही मोठीच सोय आहे; कुणाला दुखवायला नको आणि आपणही सापडायला नको. निवृत्त झाल्यावर सोसायटीने मला अध्यक्ष केलं तेही याच गुणावर. जिन्यातल्या फलकावरच्या सूचना मी लिहितो. 'असे आढळून आले आहे की, गालिचे रविवारी झटकले जातात.' खाली नाव नाही, सही नाही. (गालिचे झटकणारी बाई एकच, दुसऱ्या मजल्यावरची सायमा, हे अठराही घरांना माहीत असतं. सायमासुद्धा ती सूचना वाचून 'काय एकेक लोक असतात!' म्हणत मान हलवते.)

तिसऱ्या मजल्यावर लेम्पी रिस्सानेन राहतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. अठ्ठावीस वर्षं त्यांनी या शहरात बस चालवली आणि त्यांची बस कधी उशिरा आली असं कुणी सांगत नाही. शनिवारी तळघरातल्या सौनात वाफ घ्यायला सहा ते सात माझी पाळी, सात ते आठ त्यांची. सातला दोन मिनिटं असताना त्या टॉवेल घेऊन दारात हजर आणि मी उकडलेल्या बिटासारखा बाहेर. त्या विचारतात, "तापलंय का?" मी म्हणतो, "तापलंय." मावशी, अकरा वर्षांत आमचं बोलणं झालं ते एवढंच, आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस मी त्याच्यावर काढतो.

मार्चमध्ये कळलं (कुणाकडून ते विचारू नकोस, कळलं), की मुलीने त्यांना ओउलूला कायमचं बोलावलंय आणि मेअखेर त्या घर विकून जाणार. एखादा शहाणा माणूस जिना चढून गेला असता आणि म्हणाला असता, बाई, जाऊ नका. मी टाइपरायटरपुढे बसलो. तीन दिवस घासूनपुसून एक वाक्य तयार केलं आणि फलकावर लावलं: 'असे वाटते की, तिसऱ्या मजल्यावरून कोणी जाऊ नये.' वाक्य म्हणून निर्दोष. त्यांना बरोबर कळेल आणि बाकी कुणाला काही पत्ता लागणार नाही, अशी माझी खात्री.

तिसऱ्या मजल्यावर आणखीही घरं आहेत हे मात्र मी साफ विसरलो. एइनो तिथेच राहतो. आपली माणसं फलकाला किती मानतात तुला सांगायला नको. एइनो सूचना वाचून वर गेला तो घरातच बसला. त्याच्या शेजारचं जोडपंही बसलं. दुसऱ्या दिवशी सायमा त्यांच्यासाठी दूध आणि काळा पाव घेऊन निघाली, पण एकदा वर गेलं की खाली यायचं कसं, या विचाराने अर्ध्या जिन्यातून परतली. शेवटी एइनोने मासे धरायच्या दोरीला टोपली बांधून खिडकीतून खाली सोडली. मला कुणी विचारलं का, की बाबा, हे काय आहे? छे! फलकावर आहे त्या अर्थी काहीतरी असणारच. लेम्पीबाई तेवढ्या खुशाल खालीवर करत होत्या. सायमाने अडवलं तर म्हणाल्या, "पाटी वाचूनच गाडी थांबवायची असती तर मी कधी डेपोतून निघालेच नसते."

पाचव्या दिवशी तातडीची सभा बोलावली गेली. (मीच बोलावली, लोकांनी दोरी ओढायच्या पाळ्या लावल्या होत्या.) तिसरा मजला त्या तासापुरता माझ्या तोंडी परवानगीने खाली उतरला. कॉफी होती, वेलदोड्याचे गोड पाव होते.

"जिना खचलाय का?" एइनोने विचारलं.

"नाही."

"मग उंदीर झालेत?"

"उंदीर नाहीत."

"मग मी पाच दिवस घरात काय अंडी उबवत होतो?"

"थांब रे एइनो," लेम्पीबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "असे वाटते, असं लिहिलंय. वाटतं कुणाला?"

इतक्या वर्षांत फलकाला हा प्रश्न कुणी केला नव्हता.

"सोसायटीला," मी म्हणालो.

"मला नाही बुवा वाटत," एइनो म्हणाला. "मलाही नाही," सायमा म्हणाली. मग टेबलाभोवती एकेकाने प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याला तसं काही वाटत नाही. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली.

"मला," मी म्हणालो. "मला वाटतं. आणि जाऊ नये ते तुम्ही."

कॉफी सांडली. (मी सांडली.) बस सुटल्यावर मागून धावत येणाऱ्या माणसाकडे आरशातून बघावं तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विचार करण्यात येईल," आणि एक पाव उचलून निघून गेल्या. इतिवृत्तात 'वाटल्याची नोंद घेण्यात आली' असं लिहिलंय.

याला नऊ दिवस झाले. मधे शनिवार येऊन गेला. "तापलंय का?" "तापलंय." पुढे काही नाही. पण मावशी, मी इतका आनंदात आहे की काय सांगू! त्या जातील कदाचित, तरी मी बोललो. जिना चढताना गातो. 'जिन्यात गायले जाते' अशी सूचना कालच लागली आहे. ती मी लावलेली नाही.

तुझा भाचा,
उर्हो

ता. क. खरं म्हणजे हे पत्र एका कामासाठी लिहिलंय. लेम्पीबाईंना माझ्याबद्दल चार बऱ्या ओळी लिहून पाठव. स्वतःबद्दल मला लिहिता येत नाही. परवा बसलो तर 'सदर इसम निरुपद्रवी असल्याचे आढळते' इतकंच झालं. मी सांगितलंय हे मात्र त्यांना कळता कामा नये.

ता. क. २. पोस्टाची तिकिटं संपली आहेत. लेम्पीबाई गावात निघाल्यात, त्यांच्याच हाती पत्र देतो. पाकीट नीट चिकटत नाही, पण आपल्याकडे दुसऱ्याचं पत्र कोण वाचतं!

हिल्काबाईंना नमस्कार. पाकीट उघडं होतं. वाचलं गेलं. बरं, मी वाचलं. तुम्ही ओळी लिहायची तसदी घेऊ नका. मुलीला मी कालच फोन करून सांगितलं की मी इथेच राहतेय आणि का ते पण सांगितलं. उर्होला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी सातला दोन मिनिटं असताना सांगेन. तोवर गाऊ दे.

लेम्पी रिस्सानेन