राक्षसिणीच्या घरचं कुंकू

वेस्ट मांबलम, चेन्नई
नोव्हेंबर २००८

ती. गोदावन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची प्रकृती बरी असेल आणि काशिनाथरावांचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुमचे बंधू इमानेइतबारे रेल्वेच्या कचेरीत जातात आणि संध्याकाळी इडलीला नावं ठेवत ठेवत इडलीच खातात. तुमचा अनय शहराबाहेरच्या ट्रकच्या कारखान्यात भल्या पहाटे कंपनीच्या बसने जातो. तो वाळलेला नाही. तुम्हाला पाठवलेला फोटो बाजूने काढलेला होता, एवढंच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हुंकार देते (तक्रार नाही, घरची रीतच आहे ती). शिवाय तुम्हीच जूनमध्ये बजावलं होतं की नीट चौकशी कर आणि मला लेखी कळव. चौकशी सखोल व्हावी म्हणून नोव्हेंबर उजाडला. उशिराबद्दल रागावू नका.

तर मूळ आरोप असा की, आपला अनय दर रविवारी कुणा परक्यांच्या घरी जातो आणि तिथे फासे पडतात. कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत ही बातमी तुमच्या पानात वाढली गेली, आणि तुम्हाला थेट द्यूत, वस्त्रहरण आणि वनवास दिसू लागला. मी पुढच्याच रविवारी त्याच्या मागोमाग गेले. घर आमच्याच गल्लीच्या टोकाला निघालं. राजगोपाल म्हणून बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, मूळचे तंजावरचे मराठी. त्यांची मुलगी वाणी कॉलेजात गणित शिकवते. दार उघडंच होतं, कॉफीचा वास येत होता, आणि टेबलाभोवती हे दोघं आणि अनय कागद-पेन्सिली घेऊन बसले होते. पैसा कुठेही दिसला नाही. मी टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं (चप्पल शोधते आहे असं दाखवून).

वाणीने समजावलं. या खेळात प्रत्येकाने एक खोटा माणूस व्हायचं. वाणी गोष्ट सांगते, म्हणजे पुढे दरी आहे, दरीत अजगर आहे, आता काय करता बोला. मग आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस तोंडांचा एक फासा ठरवतो. म्हणजे वन्सं, कीर्तनच हे, फक्त बुवा मधेच थांबून श्रोत्यांना विचारतो. मी उठायला लागले तर राजगोपाल म्हणाले, "बसा होर एक डाव खेळून सोडा, मग नणंदेला लिहाला बरं पडेल." (होर म्हणजे आणि, त्यांची मराठी तंजावरची. तुमची ख्याती तंजावरपर्यंत कशी पोहोचली, ते अनयला विचारा.) तुमच्या कामासाठीच म्हणून मी बसले.

आता माझा खोटा माणूस ठरवायचा होता. नाव मी लगेच सांगितलं, तुळजा. मग वाणी म्हणाली, पेशा निवडा मामी (इथे सगळ्याच वडीलधाऱ्या बायका मामी असतात, नातं विचारायचं नसतं). जादूगार, वैद्य, चोर असे बरेच पेशे होते. अनय चोर होता, मी तुम्हाला लपवून ठेवत नाही, पण खेळातला. राजगोपाल जादूगार होते, आणि मंत्र पुढे कधी लागतील म्हणून शिल्लक ठेवायचे, एकही वापरायचे नाहीत. मला लढणारीच व्हायचं होतं. पण लढणाऱ्यांतही प्रकार निघाले. एक तलवारबहाद्दर, म्हणजे कवायत, शिस्त, चिलखत. दुसरा संतापी, म्हणजे रानातून आलेला, एकदा पित्त खवळलं की दुप्पट ताकदीने तुटून पडणारा. मी म्हटलं, दोन्ही द्या.

वाणीने डोक्याला हात लावला. दोन्ही घेता येतात, असं पुस्तकात आहे, पण त्यात शहाणपण नाही असं तिचं मत पडलं. डाव जिंकत गेलं की आपला माणूस एकेक पायरी वर चढतो, आणि दर पायरीला एकच पेशा वाढतो. तलवारीला पायरी दिली की संताप तिथेच राहतो, संतापाला दिली की तलवार. जड चिलखत घातलं तर संताप्याची चपळाई जाते, आणि संताप उतरला की माणूस थकून मटकन खाली बसतो. शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या. मी तिला विचारलं की हा संताप टिकतो किती. तर म्हणे, दोन-चार वार होईतोवर. वन्सं, हे पुस्तक लिहिणारा नक्की बिनलग्नाचा असणार. माझा राग सकाळी दुधाच्या पिशवीवर सुरू होतो आणि रात्री अंथरुणं घालेपर्यंत कमी न होता पुरतो, आणि तेवढ्यात शिस्तीत तिघांचा स्वयंपाकही होतो. ही दोन कामं वेगळ्या माणसांची आहेत हे मला कुणी पटवून देऊ शकत नाही. राजगोपालही माझ्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, "आमचे पूर्वज तंजावरला आले ते एका हातात तलवार होर एका हातात दौत घेऊनच की. एकाच कामावर कोण ठेवून घेतलं असतं त्यांना?" वाणीचा नाइलाज झाला. तुळजा एक पायरी तलवार, एक पायरी संताप, अशी आलटून पालटून चढू लागली.

आणि काय सांगू, चांगली चढली. अजगर मारला, पूल वाचवला, एका टोल घेणाऱ्या राक्षसाला असं काही खडसावलं की त्याने उरलेल्यांनाही फुकट सोडलं. तुमचे बंधू मी घरी आल्यावर विचारतात, आज कोण मेलं, आणि वर्तमानपत्रात डोकं खुपसतात. वन्सं, खरं सांगते. चेन्नईत आल्याला बारा वर्षं झाली. इथे मी कुणाची तरी बायको आहे, नाहीतर भाजीकडे बोट दाखवून किती म्हणून विचारणारी बाई आहे. आमची लेक ऊर्मी लग्न करून गेल्यापासून तर दिवसभर माझ्याशी फक्त कुकर बोलतो. त्या टेबलावर दर पाच मिनिटांनी एक शहाणी मुलगी माझ्याकडे बघून विचारते, मामी, आता तुम्ही काय करणार? हे मला फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मला ते रविवार हवेत.

अर्थात एक गालबोट लागलं, तेही तुम्हाला कळलेलं बरं. नवरात्रातला रविवार होता. राजगोपालांकडे दिवाणखान्यात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या होत्या (इथे त्याला कोलु म्हणतात, बायका घरोघरी बाहुल्या बघायला जातात, कुंकू आणि विडा घेतात, वर सुंडल मिळतं, म्हणजे आपली हरभऱ्याची उसळच, पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही). जागा नव्हती म्हणून आमचं टेबल कुंकवाच्या तबकाला खेटून होतं. गोष्टीत आम्ही एका राक्षसिणीच्या गुहेशी पोहोचलो होतो. अनयच्या चोराला तिने पकडून उलटं टांगलं होतं आणि खाली आधण ठेवलं होतं. राजगोपाल मंत्र वाचवत मागे उभे. म्हणजे सगळी भिस्त तुळजेवर, आणि हा दिवस पाहण्यासाठीच तर मी दोन-दोन पेशे घेतले होते.

मी म्हटलं, तुळजा तलवार उपसून आत शिरते. वाणी राक्षसिणीच्या आवाजात म्हणाली, या, बसा, आणि शेजारचं तबक उचलून माझ्यापुढे केलं. वन्सं, तुम्ही असतात तरी हेच झालं असतं. त्या आठवड्यात मी इतक्या घरी गेले होते की समोर तबक आलं की मान आपोआप खाली जायची. मी कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं, तिला लावलं, विडासुद्धा पदरात घेतला. मग माझ्या लक्षात आलं की टेबलावरचे सगळे माझ्याकडेच बघताहेत.

वाणीने शांतपणे विचारलं की जिच्या घरचं कुंकू घेतलंत तिच्यावर आता तलवार उगारणार का. मी म्हटलं, ते कुंकू तुझं, राक्षसिणीचं नव्हे. तर म्हणे, मी राक्षसीण म्हणूनच दिलं. राजगोपाल डोळे मिटून म्हणाले की विडा घेतल्यावर शस्त्र काढाचं आमच्याकडे नाही. तलवारबहाद्दराचे हात तर बांधले गेले, त्याला रीतभात असते. मग मी संताप्याला पुढे केलं. त्याला कसलं आलंय कुंकू? तो पेटला की सख्ख्या भावाला ओळखत नाही. वाणी म्हणाली ठीक, येऊ द्या राग. मी डोळे वटारले, दात आवळले, दुधाची पिशवी आठवली. तेवढ्यात ती राक्षसीण मला विचारते, जेवलात का?

आता असं विचारणाऱ्या बाईवर कुणी कसं तुटून पडावं, ते सांगा. राग आलाच नाही. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हवा तेव्हा आला नाही. तुळजा तिथे जेवली की नाही ते मी लिहीत नाही. चोर मात्र शिजला. अनय एवढंच म्हणाला, "मामी, दोन-दोन पेशे घेऊन शेवटी तू बसलीस कुठे, तर पाटावर." जरासा नाराज झाला, पण मुलगा समजूतदार आहे.

तेव्हा चौकशीचा निष्कर्ष असा की घर सज्जनांचं आहे, खेळ निर्मळ आहे आणि जुगार अजिबात नाही. तुम्ही परवा फोनवर म्हणालात की काशिनाथरावांनी नाशिकला नोकरी पाहिली आहे आणि पुढच्या महिन्यात येऊन तुम्ही अनयला घेऊन जाणार. आईचा अधिकार मोठा, मी कोण बोलणारी? पण तो गेला तर हा डाव मोडेल, आणि कुणाचा मांडलेला डाव मोडू नये असं आपल्या सासूबाई म्हणत. एवढा विचार व्हावा.

काशिनाथरावांना नमस्कार.

तुमची,
शर्मिष्ठा

ता. क. पत्र पाकिटात घालताना वाटलं की तुमच्यापासून काही लपवू नये. चोर शिजल्यापासून अनय खेळायला येत नाही. रविवारी दुपारपर्यंत झोपतो आणि मग कारखान्यातल्या पोरांबरोबर सिनेमाला जातो. नाशिकच्या नोकरीला तो आनंदाने तयार आहे, सामानही आवरू लागला आहे. तेव्हा त्याला खुशाल घेऊन जा. फक्त ते पुस्तक आणि फासे त्याचे आहेत, मित्राने अमेरिकेहून आणलेले, इथे कुठल्या दुकानात मिळत नाहीत. तेवढे मामीकडे ठेवून ये, असं त्याला सांगा. तुमचं ऐकतो तो.

पुन्हा ता. क. मी त्याच्याकडे पुस्तक-फासे मागून पाहिले. तो म्हणतो, आधी त्या राक्षसिणीला मार, मग देतो. वाणी तर रविवारी दारातच तबक घेऊन उभी असते, त्यामुळे माझ्याकडून ते होणं नाही. तुम्ही तिच्या घरचं कुंकू अजून घेतलेलं नाही. तेव्हा एक रविवार धरूनच या, आणि येण्यापूर्वी तुम्हाला तलवार हवी की संताप ते कळवा. दोन्ही घेऊ नका. तुम्हाला तलवारीची गरज पडणार नाही, असं तुमचे बंधू म्हणतात.