दहा मिनिटं

४ फेब्रुवारी, सोमवार
नाट्यगृहात रुजू झाले. पदाचं नाव पाटीवर मावेना; रंगवणाऱ्याने ‘शाश्वतता व्यव.’ एवढ्यावर भागवलं. काम सोपं आहे: वीज, पाणी, कागद, हवा, काहीही वाया जाऊ द्यायचं नाही. लेकीला माझी खोली फार आवडली. तिचं नाक कायम चोंदलेलं. तोंडाने श्वास घेते, बारीक शिट्टीसारखा. घरात कुठेही असली तरी मला कळतं.

६ फेब्रुवारी
पहिली गळती सापडली. दारावरचे काका तीस वर्षं तिकिटं फाडतात. प्रयोग सुटून माणसं गेली, की सगळी दारं दहा मिनिटं सताड उघडी ठेवतात. गार केलेली हवा रस्त्यावर. कशाला, विचारलं. सोडायला, म्हणाले. हवा बदलायला आता यंत्र आहे, असं मी समजावलं. हवेचं कोण बोलतंय बाई, म्हणाले आणि चहाला गेले.

११ फेब्रुवारी
नवी पद्धत सुरू. दारावर मोजणी. जितके आत, तितके बाहेर आले की दारं आपोआप बंद, थेट पुढच्या प्रयोगापर्यंत. फटी रबराने बुजवल्या. खुर्चीवर वजन पडलं की माझ्या संगणकाच्या पडद्यावर ठिपका उजळतो; दहापेक्षा कमी ठिपके असले तर हवा बंद. कुलूप मधेच काढायला तीन सह्या लागतात. नियम माझाच, नाहीतर जो तो उघडत बसेल. नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, तुम्ही वाऱ्यालासुद्धा शिस्त लावलीत. काकांना काम उरलं नाही. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत. दाराला म्हणाले, माफ करा.

१५ फेब्रुवारी
प्रयोग सुटला, दारं मिटली. तरी बाराव्या रांगेत एक ठिपका. तंत्रज्ञ म्हणतो, स्प्रिंग अडकली असेल.

१९ फेब्रुवारी
चार ठिपके. शेजारीशेजारी.
काकांना फोन केला. ते म्हणाले, नाटक सुटलं की माणसं आपली आपण सुटतात. बाकीच्यांना सोडावं लागतं. ते गर्दीत मिसळून येतात, मोजणीत येत नाहीत. आता तुम्ही मोजून बाहेर काढता. म्हणजे बाहेर पडायला त्यांना कुणाची तरी जागा लागणार.

२२ फेब्रुवारी
सात. सगळे बाराव्या रांगेत. रविवारचं बालनाट्य रद्द करा म्हटलं. व्यवस्थापक हसले. भुतांनाही तिकीट लावू, म्हणाले.
लेकीला आणणार नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
आजीने शाळेच्या चिठ्ठीवर सही केली. लेक वर्गाबरोबर आली. मला कळलं तेव्हा पडदा वर गेला होता. तिसरी रांग, चौथी खुर्ची.
आत २१२. बाहेर २१२. दारं मिटली.
लेक आली. माझा हात धरला.
ठिपके सातच. पण बाराव्या रांगेत सहा.
सातवा — तिसरी रांग, चौथी खुर्ची —

पाच वाजता
हवा बंद झाली. सातच ना. दहा हवेत.
तंत्रज्ञ म्हणतो, आकडा जुळलाय मॅडम, आत कोणी नाही. व्यवस्थापक फोनवर म्हणाले, अहो, लेक तुमच्या शेजारीच उभी आहे ना?
सही माझी एकटीची. आणखी दोन हव्यात.
दारावर खुर्ची घातली. रखवालदारांनी धरून पायरीवर आणून बसवलं. पाणी दिलं. पुढचा प्रयोग गुरुवारी.

सव्वापाच
ती शेजारी बसली आहे. अगदी टेकून.
शिट्टी नाही. श्वासच —
कान दाराला लावला. फट नाही. मीच बुजवली.
तरी येतोय. आतून. बारीक —

पाच चाळीस
थांबून थांबून —
ती विचारतेय, काय लिहितेस. काही नाही म्हटलं.
म्हणाली, मग कागद कशाला वाया —