गाळा नंबर सातची पाटी

४ मार्च, मंगळवार

नोटीस लागली. आमची रांग पाडणार — दहाही गाळे! नव्या इमारतीत जागा फक्त मूळ गाळेधारकाला किंवा त्याच्या मुलांना. मालकाचं जुनं दफ्तर हरवलंय, म्हणून पुरावा आम्हीच द्यायचा. तपासनीस चौदा तारखेला येणार. नोटीस चार वेळा वाचली. 'पुरावा' हा शब्द त्यात सहा वेळा आहे.

भाड्याच्या पावत्यांची लाकडी पेटी उघडली. वाळवी. खाली नुसता भुगा.

५ मार्च, बुधवार

झोप नाही. हा गाळा गेला तर दुसरा घ्यायची ऐपत नाही. मला मोबाइल उघडून पुन्हा बसवता येतो, बस. नववीतून शाळा सोडलेल्याला नोकरी कोण देणार?

शेजारचा सलूनवाला निवांत आहे. रांगेत एकच धंदा टिकवून असलेला तो एकटा. दुधाच्या केंद्राच्या जागी औषधं आली, औषधांच्या जागी चपला, चपलांच्या जागी कुरिअर. पण तो हसतो आम्हाला. "मास्तर, तुझ्या बापाने कपडे बदलले नसतील एवढे धंदे बदलले!" मग जरा नरमून म्हणाला, "खुर्चीत बसेल त्याला नोटिशीचं सांगतोय. कुणाला काही जुनं आठवलं तर बघू."

७ मार्च, शुक्रवार

सुचलं — पाटी! बाबांनी नवी पाटी कधी केलीच नाही. धंदा बदलला की त्याच पत्र्यावर स्वतः रंग मारायचा, स्वतः अक्षरं काढायची. उतरवली. कडेला रंगांचे थर मोजता येतात.

बाबा म्हणाले, "खरवड. पण निळ्यापर्यंतच. निळ्यात सायकली आहेत, वर्षही आहे. त्याच्या खाली जाऊ नकोस, पत्रा सडलाय."

९ मार्च, रविवार

पातं हलक्या हाताने चालवलं. मोबाइलचा पांढरा, झेरॉक्सचा पिवळा, टेलिफोन बूथचा लाल, कॅसेट लायब्ररीचा हिरवा. लाल लागला तेव्हा बूथच्या काचेला नाक लावून उभा राहायचो ते आठवलं.

मग निळा. 'सायकली भाड्याने मिळतील.' खाली बाबांचं नाव आणि वर्ष — एकतीस वर्षांपूर्वीचं! आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१० मार्च, सोमवार

सडलेला पत्रा तपासनिसाच्या हातात तुटला तर? तेवढं बघावं म्हणून कोपऱ्यातला निळा नखाएवढा उडवला. पत्रा ठणठणीत! खाली राखाडी रंग. राखाडीवर एका अक्षराचं टोक. थांबायला हवं होतं.

'शिलाईकाम'. खाली काकांचं नाव. एकट्या काकांचं.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचा विषय घरात काढायचा नाही, एवढंच मला माहीत.

११ मार्च, मंगळवार

आईला विचारलं. भाजी निवडत होती. मान वर न करता बोलली. "डोळे अधू झाले होते त्यांचे. ऑपरेशनला परगावी गेले. तुझ्या बाबांना म्हणाले, दुकान सांभाळ, मी आलोच. सात महिन्यांनी आले, तर पाटीवर सायकली."

मग?

"मग काय! ऑपरेशन फसलेलं. वाचता येत नव्हतं त्यांना. मला म्हणाले, पाटीवर काय लिहिलंय? मी वाचून दाखवली. तसेच मागे फिरले."

१२ मार्च, बुधवार

म्हणजे मूळ गाळेधारक काका. म्हणजे आम्ही कोण?

१३ मार्च, गुरुवार

निळ्या रंगाचा लहान डबा आणला. खरवडलेल्या कोपऱ्याला एकच हात पुरला. मागे बाबा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. म्हणाले, "कड नीट जुळव." एवढंच.

जुळवली.

१४ मार्च, शुक्रवार

तपासनीस दहा मिनिटांत आटोपले. पाटीचे फोटो काढले, वर्ष टिपून घेतलं. "अक्षर सुरेख आहे. कुणाचं?" बाबा पत्र्याची कड पुसत राहिले. मी म्हटलं, यांचं.

पायरी उतरताना म्हणाले, "सात नंबरबद्दल कचेरीत आधीच एक कागद आलाय. तोही बघावा लागेल." कुणाचा, हे विचारेपर्यंत ते आठ नंबरात शिरले होते.

१५ मार्च, शनिवार

काकांचाच. दुसऱ्या कुणाला काय पडलंय? सलूनवाला शप्पथ घेत नाही, पण नाहीही म्हणत नाही. "येतात ते माझ्याकडे केस कापायला. मी सगळ्यांना सांगितलं, तसं त्यांनाही सांगितलं."

१९ मार्च, बुधवार

काही नाही. आज एका गिऱ्हाइकाचा मोबाइल उलटा बसवला.

२६ मार्च, बुधवार

गाळा मंजूर. आमच्या नावे. कचेरीतून प्रत आणली. शेवटचं पान मी जोडलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं, दोनच ओळी: 'गाळा नंबर सात पहिल्यापासून माझ्या धाकट्या भावाचाच. माझा त्यावर हक्क नाही, नव्हता.' खाली काकांची सही — रेघ सोडून घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. तारीख ६ मार्च. मी पाटी उतरवली त्याच्या आदल्या दिवशीची.

बाबांचा चष्मा सापडेना. मी वाचून दाखवलं.

बाबांनी सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाटी घे इकडे. आणि ते पातं."