आवाज गेलेल्या कीर्तनकारास हजर समजण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
दुर्धर आजार संदर्भ कक्ष, बुलढाणा

विषय : ह.भ.प. कारभारी महाराज समक्ष उभे असूनही गैरहजर लागत असल्याबाबत.
संदर्भ : आपल्या खिडकीवर मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

अर्जदार केसरबाई सुरडकर, रा. रोहिणखेड, ता. मोताळा, हात जोडून कळवतात की,

१. दिवाळीनंतर महाराजांचा आवाज बसला. गावाने तो सप्ताहाचा शीण समजून खडीसाखर दिली. घोगऱ्या आवाजात करुणरस जास्त उतरतो म्हणून आणखी कीर्तने ठेवली. गळ्यावरची गाठ सत्काराच्या हारांखाली कोणाला दिसली नाही.

२. घास अडकू लागला तेव्हा गाठीचा तुकडा तपासला. थायरॉइडचा ॲनाप्लास्टिक कर्करोग निघाला. हा क्वचित होतो, पण झाला की आठवड्यागणिक वाढतो, असे डॉक्टरांनी समजावले. त्या तुकड्याची जनुक तपासणी मोठ्या रुग्णालयात झाली तर गोळ्या लागू पडतील का ते कळेल. श्वासनलिका दाबली जाण्याआधी तिथे पोचले पाहिजे. त्याला आपल्या कक्षाचे पत्र लागते.

३. पत्रासाठी रुग्णाने नाव पुकारताच "हजर" म्हणायचे असते. महाराज उठून हात वर करतात. मागल्या मंगळवारी त्यांनी टाळही वाजवले. खिडकीवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "इथं भजन नोका करू." अर्जदाराने स्वतः "हजर" म्हटले, तर म्हणाले, "मावशी, हा तं बाईचा आवाज हाय. पेशंट माणूस लिहेल हाय." आणि गैरहजेरी लावली.

४. नाते विचारले. अर्जदाराने सांगितले, "मी त्यायच्या कीर्तनाले समोर बसते." रकान्यात असे नाते नाही. महाराजांना घरचे कोणी उरले नाही. समोर बसणारे पंचक्रोशीत पुष्कळ आहेत, सगळ्यांना आणताही येईल, परंतु आपल्याकडे बाके कमी आहेत.

५. महाराजांनी पाटीवर लिहिले, "केसरबाई, साहेबावर रागावू नोका. दिवसभर नावं पुकारा लागते त्यायले. त्यायचाही गळा एकदा पाहून घ्या म्हणा." हा निरोप अर्जदार पोचवत आहेत.

तरी हात वर करणाऱ्यास हजर समजून पत्र आजच द्यावे. पुढच्या मंगळवारपर्यंत श्वास मोकळा राहील, असे डॉक्टर सांगत नाहीत. महाराज आपल्या दाराबाहेर बसले आहेत. त्यांना हाक मारू नये. बाहेर येऊन पाहावे.

आपल्या दारी बसलेली,
केसरबाई सुरडकर
मंगळवार, दि. १३ जानेवारी २०२६

सोबत :
१) तुकड्याचा तपासणी अहवाल, झेरॉक्स.
२) ह.भ.प. कारभारी महाराज, मूळ.