खिळ्यांचा निंब

५ ऑक्टोबर, सोमवार
नदी उतरली. वाळूत निंबाचं ओंडकं सापडलं. सरळ, लांब. पाह्यलं अन् मेहकरकडचं घरच आठवलं. यंदा छपराचं आढं मोडलं, माय मामाच्या ओसरीत निजते.
लाकडाच्या अड्ड्यावर रहीमचाचा माह्या जोडीचे. आरा वरून ते ओढतात, खाली खड्ड्यातून मी. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून ऐकलं त्यांनी. "पोकळ नाही बे. नशीब काढलं."

७, बुधवार
बैलांनी ओढून अड्ड्यावर आणलं. आढ्याले आख्खं तं घराच्या मातीच्या भिंतीवर पेलत नाही, उभं चिरूनच न्या लागते. मुकादम आरा द्याले हो म्हणाला, पण: "आऱ्याचे दात गेले तं दोघंबी घरचा रस्ता धरा." मी एकटा जीव. चाचाले लेकरं.

८, गुरुवार
साल काढली. बुडाकडं, झाड उभं असतानी छातीच्या उंचीवर येईन तिथं, काळे डाग. खिळे! भगतानं लोकायची भुतं ठोकलेलं झाड. आमच्या गावीबी आहे तसं.
दिसले ते उपटले. पण निंब जुने खिळे गिळून टाकते. चाचा म्हणे, लोखंडाजवळ लाकूड काळं पडते, तेवढीच निशाणी. बूड कापून फेकावं तं आढं हातभर आखूड.
भुताचं भेव नाही वाटत, चाचा?
"आरा खिळ्याले भेते. भुताले तू भे."

१०, शनिवार
कामात ध्यान नाही. लहानपणी सारखा पळून जायचो, म्हणून मायनं गावच्या त्या झाडात माह्या नावाचा खिळा ठोकला होता. पाय घरी टिकावा म्हणून. टिकला कुठी! हेबी कोन्या मायनंच ठोकले असतील. माह्या मायले सांगू का नको? या आढ्याखालीच निजणार ती.
सांजच्याले चाचाच म्हणाले, "उद्या आरा लावू. शेंड्याकडून."
काऊन? तुमची रोजी जाईन.
"तुह्या मायले किती दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवतं बे?"

११, रविवार, दुपार
सकाळपासून ओढून राह्यलो. शेंड्याकडून सरळ आलो. भुसा लालसर, डोळ्यात जाते. आता बुडाशी...
भुसा काळा पडून राह्यला. खाली माह्या अंगावर पडते, वरून चाचाले दिसत नाही. मी म्हटलं, थांबा, भाकर खाऊ. आरा लाकडातच ठेवला. काळ्या भुशाचं चाचाले सांगितलं नाही अजून.
खड्ड्यातच बसून लिहितो. चाचा हात धुऊन वर चढले. वाकून इचारतात,
"ओढू का बे?"