निळं पुसलं जाईपर्यंत

मंगळवार, २३ ऑगस्ट १९२७

एकतीस नमुने! पाठ मोडून आली.

समुद्री शेवाळाच्या राखेच्या ढेपेचा तुकडा घ्या, कुटा, पाण्यात उकळा, गाळा, तेजाब घालून आयोडीन मोकळं करा. स्टार्चची खळ घातली की सगळं गर्द निळं होतं. मग ब्युरेटमधून थेंब-थेंब औषध सोडायचं, निळं पुसलं जाईपर्यंत. जितके थेंब लागले, तितकं राखेत आयोडीन. आकडा मी सांगतो आणि कारखाना ढेपांना काय भाव देणार ते तो आकडा ठरवतो. छत्तीस वर्षं हेच चाललंय.

आज मारीवॉन भांडली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी शेवाळ कापताना होडीसकट गेला. आता ती आणि तिच्या दोन मुली खडकांवरून शेवाळ ओढून आणतात, वाळवतात, किनाऱ्यावरच्या खंदकात जाळून राखेच्या ढेपा पाडतात. आकडा ऐकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुन्हा कमी? खडक तोच, शेवाळ तेच! नवरा होता तेव्हा बरा आकडा निघायचा. बाईमाणूस बघून आयोडीन लाजतं की काय, केमिस्टसाहेब?"

आवारात सगळे हसले. मी म्हणालो, "वाळू मिसळली असेल."

"वाळू? या, चावून बघा!" — आणि ढेपेचा तुकडा माझ्यासमोर धरला. हात भाजलेले, बोटांना चिरा.

बोलायला नको होतं मी.

गुरुवार, २५ ऑगस्ट

चोवीस. पाऊस. डोळे चुरचुरतात. कुट्टूचे घावन होते, खाववले नाहीत.

शनिवार, २७ ऑगस्ट

सोआझिक काचसामान धुते — अकरा वर्षं झाली. कामात कधी तोंड उघडत नाही. आज मोरीपाशी उभी राहून म्हणाली, "साहेब, हे निळं आहे ते तसंच ओतू ना?"

"निळं कुठंय?"

"हे काय! थोडं निळसर आहे की. रोजच असतं. मला वाटलं, असंच असायचं."

मी तिला समजावलं — पात्र तसंच राहिलं तर हवेनं निळं परत येतं. खरंच येतं. कुठल्याही पुस्तकात मिळेल.

"पण हे तर आत्ताच ठेवलंत," ती म्हणाली आणि विसळायला लागली.

सोमवार, २९ ऑगस्ट

सगळे घरी गेल्यावर सोआझिकला थांबवून घेतलं. पात्राखाली पांढरा कागद ठेवला. म्हटलं, "मी थांबलो की तू बघायचं. निळं संपलं की सांगायचं. खोटं नको, दया नको!"

मी थांबलो. मला पाणी दिसत होतं, स्वच्छ.

"अजून आहे."

एक थेंब. "आहे." अजून एक. "आहे, साहेब." नववा थेंब पडला तेव्हा म्हणाली, "गेलं."

सहा वेळा केलं. कधी आठ थेंब, कधी दहा. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. शेवटी म्हणाली, "मी चुकत असेन."

"नाही गं. तू चुकत नाहीस."

कधीपासून? जुन्या वह्या चाळल्या. गेल्या दोन वर्षांत सगळ्यांचे आकडे उतरले आहेत. फक्त मारीवॉनचा नव्हे, सगळ्यांचे! मी त्या वर्षांपुढे कारण लिहून ठेवलंय — 'हंगाम वाईट.'

बुधवार, ३१ ऑगस्ट

ब्रेस्टला डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. "आधी फिका निळा जातो," डॉक्टर म्हणाला, "माणसाला पत्ताही लागत नाही." बंदरावर बसून राहिलो. समुद्र करडा दिसला. खरोखरच करडा असेल का? कोणाला विचारणार!

शुक्रवार, २ सप्टेंबर

कारखान्याचे संचालक दुफ्रेन यांना सगळं सांगितलं. नऊ थेंब, डॉक्टर, सगळं. म्हटलं, मला काढा, पण लोकांना दोन वर्षांचा फरक द्या.

त्यांनी उठून दार लावलं. "कोणाकडे बोललात का?"

"नाही."

"उत्तम! बसा, केर्वेला. वय झालं की डोळे जायचेच. दोन वर्षं राहिली तुमची, सुखानं काढा. पेन्शन कुठं जात नाही. त्या बाईला धुवायचं काम करू दे, बघायचं नको."

खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. इतका थकलोय की कोणी बस म्हटलं तर बसावंसं वाटतं.

शनिवार, ३ सप्टेंबर

एकोणीस नमुने. बघायला सोआझिकला बसवलं, हुकूम मोडून. मारीवॉनच्या ढेपेत वाळू नाही.

संध्याकाळी गोदामातल्या तांगीकडून त्याची वही मागून आणली. येणाऱ्या राखेचं काम माझं, भरून जाणाऱ्या आयोडीनच्या बरण्यांचं त्याचं. छत्तीस वर्षांत एकमेकांच्या वह्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. "काय शोधताय?" म्हणाला. वही काखेत मारली आणि निघालो.

रविवार, ४ सप्टेंबर

दोन वर्षं दर महिन्याला, माझ्या आकड्यांनी राखेत जितकं आयोडीन होतं, त्यापेक्षा जास्त बाहेर पडलंय. हे होऊच शकत नाही. दोन्ही वह्यांत प्रत्येक महिन्याखाली सही दुफ्रेन यांची. माझे डोळे गेल्याचं त्यांना माझ्याआधी माहीत होतं. म्हणूनच मी अजून नोकरीत आहे.

प्रार्थना सुटल्यावर दोन्ही वह्या घेऊन चर्चच्या पायरीवर उभा राहिलो आणि मारीवॉनला हाक मारली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.